जुन्या जीपचे ब्रेक सारखे पकडतायत? व्हील सिलिंडर काढायच्या आधी पेडलची रिटर्न स्प्रिंग बघा

आमच्या अण्णांची १९६९ ची महिंद्रा सीजे-थ्री-बी आहे, डावीकडं स्टिअरिंगवाली, मागच्या पत्र्यावर अजून पांढऱ्या रंगात लेफ्ट हँड ड्राइव्ह लिहिलेलं आहे. उंच बॉनेटवाली जीप म्हणतात ती हीच, आतलं हरिकेन इंजिन जुन्या फ्लॅटहेड इंजिनापेक्षा उंच म्हणून मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकेतल्या विलिसवाल्यांनी बॉनेटच वर उचललं. गाडी कराडला असते, महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते आणि परत येते, त्यामुळं नुसती झाकून ठेवलेली गाडी नाही, चालती गाडी आहे आणि ब्रेक हा विषय आमच्याकडं जिवाचा विषय आहे.

तक्रार अशी होती की दहा-पंधरा किलोमीटर गेलं की गाडी जड व्हायची. न्यूट्रल टाकली तर दहा पावलं सुद्धा लोळायची नाही, जागेवर उभी राहायची. ड्रमला हात लावला तर चटका. अर्धा तास थांबलं की सगळं नीट, पुन्हा पंधरा किलोमीटर गेलं की तेच. एका वर्षात तीनदा काम केलं. पहिल्यांदा चारही व्हील सिलिंडरचे, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचे, रबर बदलले, दुसऱ्यांदा मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबलं की चारही चाकांकडं ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचा, किट टाकला, तिसऱ्यांदा ड्रम लेथवर टर्न करून शूजवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर, नवीन लायनर मारले. दर वेळी पंधरा-वीस दिवस गाडी छान चालायची आणि मग हळूहळू परत पकडायला लागायची. हे "पंधरा-वीस दिवस छान" प्रकरण फार फसवं असतं, आपल्याला वाटतं काम बरोबर झालं होतं आणि आता काहीतरी नवीन बिघडलं. नवीन काही बिघडत नव्हतं, जुनंच तसंच होतं.

खरी गोष्ट कळली ती घाट चढताना. चिपळूणहून परत येताना घाटाखालची पोफळी सोडली आणि वर हेळवाकपर्यंत ब्रेकवर पाय जवळजवळ गेलाच नाही, चढाला ब्रेक कशाला लागतो, तरी वर येऊन थांबलो तर चारही ड्रम तापलेले आणि लायनरचा जळका वास. उतरताना तापले असते तर म्हटलं असतं घाट आहे, तापणारच. पण चढताना तापले म्हणजे माझा पाय नसताना कोणीतरी ब्रेक दाबून धरलेला होता. आणि एक चाक नाही, चारही. चारही चाकं एकदम पकडतात तेव्हा चारही व्हील सिलिंडर एकाच दिवशी खराब होत नाहीत, दोष जिथून चारी चाकांना ऑइल जातं तिथं असतो, म्हणजे मास्टरपाशी किंवा मास्टरला ढकलणाऱ्या पेडलपाशी.

शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका राहतात. त्यांना सांगितलं तर ते आधी गाडीखाली गेलेच नाहीत. दार नसलेल्या बाजूनं वाकून हातानं ब्रेक पेडल दाबलं, सोडलं, परत दाबलं, सोडलं. मग पेडलखाली बोटं घालून ते वर उचललं, आणि ते चांगलं बोटभर वर आलं. म्हणाले, "आरं, ह्ये आपल्या आपण का येत न्हाई वर? चाकं कशाला खोलतोयस, आधी ह्ये बघ की." मी वर्षभर ब्रेकच्या सगळ्या गोष्टी बघितल्या, पेडल पूर्ण वर येतंय का हे एकदाही बघितलं नव्हतं, आणि माझ्याआधी तीन वेळा गाडी हातात घेतलेल्या मेस्त्रीनंही बघितलं नव्हतं.

आता हे बोटभर अंतर एवढं महत्त्वाचं का ते नीट समजून घ्या, कारण हे समजलं की बाकी सगळं आपोआप सुचतं. मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात. एक मोठं, ते पिस्टनच्या मधल्या भागाला ऑइल देतं. दुसरं फारच बारीक, सुईचं टोक जाईल न जाईल एवढं, ते पिस्टनच्या पुढच्या रबरी कपाच्या जेमतेम पुढं उघडतं. पाय काढलेला असतो तेव्हा हे बारीक भोक उघडं पाहिजे, म्हणजे लाइनमधलं ऑइल तापून फुगलं तर त्याला टाकीत परत यायला वाट राहते. पेडल दाबलं की कप पुढं सरकून हे भोक झाकतो आणि मगच प्रेशर तयार होतं. आता पेडल पूर्ण वर आलंच नाही तर काय होईल? पेडलकडून पिस्टनला ढकलणारा पुश रॉड त्याला थोडासा ढकललेलाच ठेवणार, कप त्या बारीक भोकावर बसून राहणार, आणि टाकीची वाट बंद. गाडी थंड असताना काही जाणवत नाही. दोन-चार वेळा ब्रेक मारले, ड्रम कोमट झाले, ऑइल फुगलं, जायला जागा नाही, मग ते शूजलाच ढकलतं, शूज घासतात, अजून उष्णता, अजून ऑइल फुगतं. स्वतःच स्वतःला वाढवणारा प्रकार आहे हा. थांबून गार केलं की ऑइल आकसतं आणि सगळं सुटतं, म्हणून गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी बरी झालेली असते.

आणि हा नुसता पेट्रोल जास्त खाण्याचा विषय नाही. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २०५ अंशाला उकळायला पाहिजे असा नियम आहे, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशावर येते. आपल्या कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पाणी किती मुरत असेल याचा विचार करा. घाट उतरताना ब्रेक घासून ऑइल उकळलं, लाइनमध्ये वाफ झाली, की पेडल थेट पायाखालच्या फळीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. या जीपला एकच सर्किट, एकच मास्टर, पुढच्या-मागच्याला वेगळी व्यवस्था नाही. म्हणून मी हे एवढं लांबण लावून लिहितोय.

जीपमध्ये पेडल वरून लोंबकळत नाही, फळीतून वर येतं. त्याचा शाफ्ट फळीच्या खाली चासीपाशी, क्लचचं पेडलही त्याच शाफ्टवर, आणि पेडलचा हात तिथून पुढं आणि वर जातो. म्हणजे पेडलचं सगळं वजन शाफ्टच्या पुढं, त्याला धरून ठेवणारं काही नसेल तर ते स्वतःच्या वजनानं खाली पडणार. मास्टरच्या आतही एक स्प्रिंग असते, पण ती पिस्टन परत आणण्यासाठी, पेडल उचलणं हे तिचं काम नाही. पेडल उचलायचं काम बाहेरच्या रिटर्न स्प्रिंगचं. ती सैल झाली, गळून पडली, किंवा तिच्या जागी कोणी काहीतरी भलतंच बांधलं की वर सांगितलेला खेळ सुरू. आमच्या गाडीखाली काय होतं सांगू? मूळ स्प्रिंग कधीच गेलेली, तिच्या जागी मोटरसायकलच्या स्टँडची स्प्रिंग, ती ताणून ताणून सैल झालेली म्हणून जोडीला ट्यूबच्या रबराची पट्टी दोन वेढे देऊन बांधलेली. रबर नवं असताना पेडल वर ओढायचं, पंधरा-वीस दिवसांत ऑइल आणि चिखल लागून रबर ढिलं पडायचं. गाडी पंधरा-वीस दिवस छान का चालायची त्याचं उत्तर ते रबर होतं, दर वेळी काम झाल्यावर नवीन पट्टी बांधून मिळत होती.

तपासणी कशी करायची ते सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांना लाकडाचे ठोकळे, दगड नको दगड सरकतो. सीजेचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागं प्रोपेलर शाफ्टवर वेगळा छोटा ड्रम असतो, त्यामुळं ब्रेकची लाइन उघडलेली असली तरी हँडब्रेक धरतो, पण एकट्या त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. आणि यातच एक चकवा आहे: हँडब्रेक घासत असला तरी गाडी अशीच जड होते. तेव्हा चाकांचे ड्रम गार असतात आणि मधला तो छोटा ड्रम गरम असतो. म्हणून प्रवासातून आल्या आल्या आधी उलट्या हातानं, जपून, पाचही ड्रम बघा. एकच चाक गरम असेल तर त्या चाकाचं व्हील सिलिंडर, शूजच्या स्प्रिंगा, किंवा त्या बाजूचा रबरी होज आतून सुजलेला, ती वेगळी वाट. चारही गरम असतील तर पुढं वाचा.

गाडी पकडलेल्या अवस्थेत असतानाच, म्हणजे गार व्हायच्या आत, मागं जाऊन ब्रेक लाइट बघा. या जीपमध्ये ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या प्रेशरवर चालतो, मास्टरपाशीच लाइनमध्ये बसवलेला असतो. पाय काढल्यावरही लाइट चालू राहिला तर लाइनमध्ये प्रेशर अडकलंय हे पाना न उचलता कळतं. लाइट गेला म्हणजे प्रेशर नाहीच असं मात्र नाही, थोड्या प्रेशरला स्विच लागत नाही. मग पेडलखाली पाय घालून ते वर उचला. उचलल्यावर चाकं सुटली, किंवा लाइट विझला, तर दोष सापडल्यात जमा आहे.

उचलूनही सुटलं नाही तर चाकापाशी हवा काढायचा जो निपल असतो तो एका चाकाचा अगदी थोडा ढिला करा. ऑइल जोरात उडालं आणि चाक सुटलं तर प्रेशर अडकलेलं होतं, नुसतं मेकॅनिकल घासणं नव्हतं. इथं एक लक्षात ठेवा, ड्रम ब्रेकच्या मास्टरच्या तोंडाशी एक चेक व्हॉल्व्ह असतो आणि तो लाइनमध्ये मुद्दाम थोडंसं प्रेशर राखून ठेवतो, त्यामुळं निपल उघडल्यावर थोडं ऑइल ओघळणं नॉर्मल आहे, पिचकारी उडणं नॉर्मल नाही.

मग गाडी गार झाल्यावर खरी परीक्षा. मास्टरकडं जाणाऱ्या आयबोल्टची (पेडलला पुश रॉडशी जोडणाऱ्या, टोकाला डोळा असलेल्या बोल्टची) पिन काढून पेडल मास्टरपासून सोडवा, आणि रिटर्न स्प्रिंगही काढा. आता पेडलला अडवणारं काहीच नाही. हातानं वर उचला आणि सोडा. ते सरळ धपकन खाली पडलं पाहिजे. हळूहळू उतरलं किंवा मध्येच थांबलं तर शाफ्ट आणि बुश जाम आहेत, आणि अशा जाम पेडलला कितीही चांगली स्प्रिंग लावा, काही दिवसांनी परत तेच. आमचं पेडल मध्येच थांबत होतं. ग्रीस निपलमध्ये चिखल दगडासारखा बसलेला. निपल काढून डिझेलमध्ये धुतला, शाफ्ट बाहेर काढला, बारीक एमरीनं गंज घालवला, बुश ठीक होतं म्हणून तेच ठेवलं, आणि मग जुनं काळं ग्रीस दोन्ही बाजूंनी बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारली. हे करताना डिझेल किंवा ग्रीस मास्टरच्या रबरी बुटावर जाऊ देऊ नका. ब्रेकचे रबर मिनरल तेलानं फुगतात, आणि फुगलेला कप ते बारीक भोक कायमचं झाकतो, मग एक दोष काढता काढता दुसरा घालाल. ज्यांच्या गाडीत कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ब्रेकच्या टाकीत ओतलंय त्यांना पेडल कितीही नीट केलं तरी गुण येणार नाही, सगळे रबर बदलणं आणि लाइन धुणं भाग आहे.

फळीतलं झाकण काढून मास्टरच्या टाकीचं टोपण उघडा आणि टोपणाचं हवेचं भोकही बघून घ्या, फळीखाली असल्यामुळं ते चिखलानं बुजतं. पेडल जोडलेलं असताना कोणाला तरी अगदी हळू, बोटानं दाबायला सांगा आणि टाकीत बघा. दाबायला सुरुवात होते त्या क्षणी बारीक भोकातून ऑइलची छोटी उकळी वर येताना दिसते. दिसली तर भोक उघडं आहे. दिसलीच नाही तर एकतर कप आधीच भोकावर बसलाय किंवा भोक घाणीनं बंद आहे. तोंड फार जवळ नेऊ नका, कधी कधी ऑइल चांगलं उडतं, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा नाहीतर रंग सुटतो.

आता स्प्रिंग. मूळ पार्ट मिळत असेल तर तोच घ्या, पण सीजेच्या नावानं दुकानात जे मिळतं ते नेहमी बरोबर मापाचं असतंच असं नाही, त्यामुळं मापं स्वतः घ्यायला शिका. आधी दोन्ही हुकांच्या भोकांमधलं अंतर दोन वेळा मोजा, पेडल पूर्ण वर असताना आणि पेडल पूर्ण दाबलेलं असताना. स्प्रिंगची मोकळी लांबी, हुकाच्या आतून आतपर्यंत, पहिल्या अंतरापेक्षा कमी पाहिजे, म्हणजे पेडल वर असतानाही ती थोडी ताणलेलीच राहील. मी दहा ते पंधरा मिलिमीटर ताण ठेवला, तो माझ्या गाडीला बरोबर बसला. आणि दुसऱ्या अंतरापर्यंत ओढून सोडल्यावर तिचे वेढे परत एकमेकांना घट्ट चिकटले पाहिजेत. हे दुकानातच करून बघा: एक हुक व्हाइसमध्ये अडकवा, दुसरा ओढा, सोडा. वेढ्यांमध्ये फट राहिली तर ती स्प्रिंग तुमच्या गाडीची नाही.

"जाड तारेची घ्या, मजबूत" असा सल्ला सगळे देतात, तो इथं चुकीचा आहे. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. २ मिलिमीटरच्या जागी २.२ मिलिमीटर तार घेतली, बाकी सगळं तेच, तरी ताकद ४६ टक्क्यांनी वाढते. हाताला दोन्ही तारा सारख्याच वाटतात. वेढे निम्मे केले तर ताकद दुप्पट. म्हणून लांब स्प्रिंग आणून कापून बसवायची पद्धत बंद करा, कापली की ती आखूडही होते आणि कडकही होते, आणि कापलेल्या टोकाला गॅसनं लाल करून हुक वाकवला की तिथलं पोलादाचं पाणी, म्हणजे कणखरपणा, उतरतं, तो हुक नंतर सरळ होतो किंवा तुटतो. फार कडक स्प्रिंग लावली की ब्रेकचा पायाला मिळणारा अंदाज जातो, ओल्या रस्त्यावर चाक लॉक होतंय हे कळायला उशीर होतो, आणि पेडलच्या हातातलं भोक झिजून अंड्यासारखं होतं. स्प्रिंगनं फक्त पेडल झटकन वर आणायचं आहे, त्याहून जास्त काही नाही.

कराडला शेतीच्या अवजारांचं सामान विकणाऱ्या दुकानात मला पाहिजे तशी मिळाली, दोन्ही टोकांना कारखान्यात वळवलेले पूर्ण गोल हुक असलेली. दोन घेतल्या.

पहिली दोन महिन्यांत तुटली, हुकाच्या वळणावर. हे सांगणं गरजेचं आहे कारण इथंच बरेच जण म्हणतात की स्प्रिंगच हलकी होती, आणि परत जाड तारेकडं जातात. तुटलेला तुकडा आणि भोक दोन्ही बघितलं तर पेडलच्या हातातलं भोक झिजून त्याची कड सुरीसारखी झाली होती, दर दाबाला हुक त्या कडेवर घासत होता आणि त्याच रेषेत तुटला. त्यातून चासीकडचा ब्रॅकेट थोडा वाकलेला होता, त्यामुळं स्प्रिंग सरळ न ओढता तिरकी ओढत होती. तिरकी ओढ वाईट, ती पेडलला बुशवर आडवी दाबते आणि पेडल परत अडकायला लागतं. पेडल काढून भोक वेल्डिंगनं भरून परत ड्रिल मारलं, दोन्ही बाजूंची कड गोल कानसीनं आणि मोठ्या ड्रिलच्या टोकानं मोडली, ब्रॅकेट सरळ केला, हुकाला ग्रीस लावलं. चासीत नवीन भोक पाडून स्प्रिंग दुसरीकडं अडकवायचा सल्लाही मिळाला होता, तो मी ऐकला नाही. एकतर चासीला नको तिथं भोक पाडू नये, आणि दुसरं म्हणजे २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचं असेल तर ती मूळ रूपात असावी लागते आणि चासीत बदल चालत नाही. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, दहा वर्षांसाठी, तेव्हा अशा गोष्टी आधीच जपलेल्या बऱ्या.

बसवताना पकड घेऊन झटापट करू नका, स्प्रिंग निसटली की डोळ्याकडंच येते, चष्मा घालाच. सोपी पद्धत सांगतो, काकांनी दाखवलेली. स्प्रिंग व्हाइसमध्ये एका टोकाला धरून बाजूला वाकवा, वाकवल्यावर बाहेरच्या बाजूचे वेढे उघडतात, त्या फटींत दोन मिलिमीटर जाडीचे वॉशर घाला. मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडच्या फटींतही घाला. दहा-बारा वॉशर गेले की स्प्रिंग लांब होऊन तशीच राहते, कोणी न ओढता. पेडल एका लाकडी काठीनं पूर्ण वर टेकवून ठेवा, आधी चासीकडचा हुक अडकवा, मग पेडलकडचा, अगदी आरामात जातो. हुकाची उघडी बाजू खालच्या अंगाला ठेवू नका, खड्ड्यात आदळून निसटू शकतो, वर किंवा चासीकडं ठेवा. आता काठी काढून पेडल दाबा, स्प्रिंग ताणते आणि वॉशर टपाटप खाली पडतात. मोजून घ्या, जेवढे घातले तेवढे परत मिळाले पाहिजेत, एक आत राहिला तर तो नंतर कुठं तरी अडकेल. पूर्ण दाबलेल्या स्थितीत स्प्रिंग ब्रेकच्या पाइपला कुठं घासत नाही ना हे बॅटरी मारून बघा.

स्प्रिंग बसली म्हणजे काम झालं नाही, फ्री प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल, बघायची राहिलीय. आयबोल्टची पिन अजून काढलेलीच असेल तर पेडल दाबून सोडा, ते झटकन वर येऊन फळीला टेकलं पाहिजे. मगच पिन घाला, नवी स्प्लिट पिन टाका, आणि आयबोल्टला जागेवर घट्ट धरणारा चेक नट ढिला करून आयबोल्ट फिरवून लांबी अशी ठेवा की पेडलला हातानं अर्धा इंच मोकळी चाल मिळेल, त्यानंतर रॉड पिस्टनला टेकल्याचं जाणवेल. जुन्या विलिस मॅन्युअलमध्ये हेच अर्धा इंच दिलंय. पेडलवरचं अर्धा इंच म्हणजे रॉडपाशी जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणून नट एकेक चपटा फिरवून बघत जा. बऱ्याच जणांना ही मोकळी चाल म्हणजे ब्रेक खाली गेलाय असं वाटतं आणि ते ती काढून टाकतात. ब्रेक खाली जात असेल तर चाकापाशी शूज ॲडजस्ट करायचे असतात, पुश रॉड लांब करायचा नसतो. आमच्याही गाडीत रॉड असाच लांब केलेला होता.

आणि त्यामागं अजून एक कारण होतं जे शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोन वर्षांपूर्वी फळीचा पत्रा कुजला म्हणून बदलला होता आणि आवाज कमी व्हावा म्हणून खालून जाड रबर शीट चिकटवून घेतली होती. पेडल वर येऊन टेकतं ते याच पत्र्याला खालून. शीटच्या जाडीएवढं पेडल आधीच अडायला लागलं, म्हणजे स्प्रिंग चांगली असती तरी ते पूर्ण वर आलंच नसतं. मूळ मापाला रॉड सेट करून दिला तरी तो पिस्टनला दाबूनच राहणार. पेडलच्या भोकाभोवतीची शीट तळहाताएवढी कापून काढली तेव्हा कुठं खरा अर्धा इंच मिळाला. तुमच्या गाडीचा पत्रा बदललाय का, वरून जाड मॅट टाकलीय का जिच्यात पेडलचा दांडा अडकतो, हे पहिल्याच दिवशी बघा, त्याला एक पैसा लागत नाही.

वाटेतच गाडी पकडली तर काय करायचं तेही सांगून ठेवतो. घाटात असाल तर उताराला लागू नका, आहे तिथं कडेला घ्या, चाकांना लाकूड लावा, हँडब्रेक ओढा, ड्रमवर पाणी ओतू नका, तापलेला बीड तडकतो. अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. मग पेडल हातानं पूर्ण वर ओढून सुतळीनं स्टिअरिंगच्या दांड्याला बांधून बघावं असं मनात येईल, ते चुकूनही करू नका, गडबडीत ब्रेक मारायला गेलात तर पेडल दबणार नाही. त्याऐवजी चेक नट ढिला करून आयबोल्ट दोन वेढे आखूड करा, ब्रेक थोडा खाली लागेल पण सुटेल. पेडल घट्ट लागतंय, स्पंजी नाही, हे तीन-चारदा दाबून खात्री केल्याशिवाय निघू नका, आणि स्पंजी असेल तर ऑइल उकळलेलं आहे, गाडी टो करा.

दुसरी स्प्रिंग बसवून आता पावसाळा धरून आठ महिने झाले. दर महिन्याला ग्रीस मारताना हुकाचं वळण कापडानं पुसून बघतो आणि पेडलखाली बोटं घालून ते अजून वर येतंय का तपासतो, येत नाही. मागच्या आठवड्यात चिपळूणहून चढून हेळवाकला थांबलो, चारही ड्रमवर हात ठेवला आणि ठेवता आला, जीप न्यूट्रलमध्ये आपोआप मागं सरकायला लागली म्हणून पटकन हँडब्रेक ओढला. क्लचच्या पेडललाही अशीच एक स्प्रिंग आहे, ती दिसायला ब्रेकच्या स्प्रिंगसारखीच दिसते पण दोन्हीचं काम एकमेकीवर भागवू नका, काढताना दोन्हींना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवा.